तासांची साक्ष

देवगडच्या खाडीत नांगरून ठेवलेल्या एका ट्रॉलरच्या केबिनमध्ये, सुकाणूच्या डाव्या हाताला, काडेपेटीएवढ्या काचेआड एक आकडा दिसत होता : २,३१०.४. इंजिन आजवर एकंदर किती तास चालले हे सांगणारा तो मीटर. २०१९च्या मे महिन्यातली ती दुपार होती. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून मी नुकताच मोकळा झालो होतो आणि धाकट्या भावाबरोबर, त्याला घ्यायची असलेली जुनी बोट पाहण्यासाठी, मालवणहून आचरा, मिठबाव, कुणकेश्वर असा किनाऱ्याकिनाऱ्याने आलो होतो. आयुष्यात अनेक आकड्यांवर मी विश्वास ठेवला आहे. परंतु त्या आकड्यावर ज्या तत्परतेने ठेवला, तिची आठवण झाली की आजही संकोच वाटतो. त्या संकोचाचा हिशेब एकदा मांडावा, म्हणून हे लेखन.

आमचे घर मासेमारीचे. वडिलांची होडी लहान होती आणि तिला मागच्या बाजूस अडकवायचे इंजिन होते. पेट्रोलवर सुरू करायचे आणि गरम झाले की रॉकेलवर चालवायचे, अशा जातीचे. त्याला मीटर वगैरे काही नव्हता. इंजिनाचे वय वडील पावसाळ्यांत मोजत आणि त्याची प्रकृती कानाने. मी शिकलो, मराठी घेऊन एम. ए. झालो, महाविद्यालयात लागलो. धाकटा दहावीनंतर समुद्रावर गेला. दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर आधी खलाशी आणि मग तांडेल म्हणून त्याने बारा वर्षे काढली आणि आता स्वतःची बोट घ्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. मालकाने सोळा लाख सांगितले होते. भावजयीचे दागिने, पतसंस्थेचे कर्ज आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेले चार लाख, अशी त्या रकमेची जुळवाजुळव होती. निघताना भाऊ मला म्हणाला होता, "दादा, लाकूड मी बघतंय, कागद तू बघ." आमच्या दोघांतली ही वाटणी लहानपणापासूनची. कागद म्हणजे दादा.

मालकाने कागद पुढे ठेवले. नोंदणीचे प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना, विमा, आणि २०१३ साली नवे इंजिन बसवले त्याची पावती. सारे व्यवस्थित होते. कागद संपले, तेव्हा वाचण्यासारखे आणखी काय उरले आहे हे मी पाहू लागलो आणि माझी नजर त्या काचेवर गेली. सहा हंगामांत २,३१० तास, म्हणजे वर्षाला सरासरी ३८५. इंजिन फारसे वापरलेले नाही, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला आणि तो मोठ्याने बोलूनही दाखवला. भाऊ आकड्याकडे पाहून काही बोलला नाही. इंजिनावरच्या फळ्या उचलून तो खाली उतरण्याच्या बेतात होता. मला दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात बैठक होती, ऊन मी म्हणत होते, आणि आकड्याने माझी खात्री करून टाकली होती. "पन्नास हजार बयाणा देऊन टाक, नाहीतर दुसरा कोणी येईल," असे मी म्हणालो. भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पैसे मोजले. त्याला आकडा पटला नव्हता. दादाला पटला, म्हणून त्याने तो मान्य केला. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती परतीच्या वाटेवर, कुणकेश्वर मागे पडल्यानंतर, तो बराच वेळ गप्प राहिला तेव्हा.

गणित अगदी साधे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या सर्व गोष्टी मला माहीत होत्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. उरलेल्या दहा महिन्यांत वारा, उधाण, सण, जाळ्यांची दुरुस्ती हे वजा जाता भाऊ साधारण एकशे चाळीस दिवस समुद्रात असतो. सकाळी अंधारात निघणारी ट्रॉलर परत येईपर्यंत इंजिन दहा तास तरी चालते. म्हणजे वर्षाला चौदाशे तास. ३८५ तासांना दहाने भागले तर वर्षाचे अडतीस दिवस येतात. वर्षातून अडतीस दिवस समुद्रात जाणाऱ्या बोटीवर मालकाचे, तांडेलाचे आणि चार-पाच खलाशांचे पोट कसे भरेल? सख्खा भाऊ वर्षाचे किती दिवस घराबाहेर असतो हे ठाऊक असलेल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही. छापल्यासारखा स्वच्छ आकडा समोर दिसला की प्रश्न विचारण्याची माझी सवय गळून पडते, हे मला त्या दिवशी कळले.

आता त्या मीटरविषयी. तासमीटर म्हणजे वस्तुतः एक लहानसे घड्याळ. इंजिन चालू असेल तेवढाच वेळ ते चालते आणि तासाचा दहावा भागही दाखवते. ते कशाला जोडले आहे, यावर त्याचे खरेखोटेपण अवलंबून असते. ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्विचला जोडलेले असेल, तर इंजिन खरोखर फिरू लागल्यावरच ते मोजू लागते. नुसत्या चावीला जोडलेले असेल, तर रात्रभर चावी चुकून चालू राहिली तरी ते सकाळपर्यंत तास जमा करत बसते आणि त्याची एक तार निघाली तर इंजिन हंगामभर राबले तरी त्याला पत्ता नसतो. मीटर बिघडला तर बाजारात नवा मिळतो आणि नवा मीटर शून्यापासून मोजू लागतो. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत हे तास आतल्या संगणकात नोंदलेले असतात आणि कोणत्या वेगाने किती तास चालले, याचाही तपशील यंत्र जोडून काढता येतो. आमच्या किनाऱ्यावरच्या साध्या डिझेल इंजिनांत तसे काही नसते. तिथे मीटर जे सांगतो ते एवढेच : मला बसवल्यापासून आणि माझी तार शाबूत असेपर्यंत, इतके तास.

भाऊ दोन दिवसांनी पुन्हा देवगडला गेला, तेव्हा वडिलांच्या होडीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बरोबर घेऊन गेला. मीही गेलो, खरे तर मला जावेसे वाटले. मिस्त्री केबिनमध्ये आले, त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिले नाही. खाली उतरून त्यांनी आपला तळवा इंजिनाच्या माथ्यावर ठेवला आणि काढून घेतला. बोट दोन दिवस हललेली नाही, असे मालक सांगत होता. इंजिन मात्र कोमट होते. तळात साचलेले पाणी उपसायला खलाशांनी सकाळी चालू केले असेल, असे मालक म्हणाला, आणि तसे असूही शकेल. मिस्त्रींनी वाद घातला नाही. उद्या पहाटे बघू, तोवर कोणी चावी लावायची नाही, एवढेच ते म्हणाले. जुने इंजिन आपले दुखणे सांगते ते थंड असताना. एकदा गरम झाले की झिजलेले भाग फुगून एकमेकांना धरून बसतात आणि कितीतरी गोष्टी झाकल्या जातात. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणे ही विकणाऱ्यांची फार जुनी युक्ती आहे. ती रात्र आम्ही तिघांनी बोटीच्या फळीवरच काढली.

पहाटे चावी फिरवली. इंजिन लगेच पकडले नाही. तीन-चार वेळा खोकून मग सुरू झाले. नळीतून पांढरा धूर आला. थंड इंजिनात सगळे डिझेल जळत नाही, त्याचा तो धूर, आणि काही मिनिटांत तो गेला तर त्यात भिण्यासारखे काही नसते. तो गेला, पण त्याच्या मागे निळसर धूर उरला, आणि तो काही जाईना. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतले लायनर यांच्यात फट पडली आहे. मिस्त्रींनी ऑइल ओतायच्या तोंडावरचे झाकण सोडवले आणि उलटे करून नुसते त्यावर ठेवले. भातावरच्या ताटलीसारखे ते थडथडू लागले. पिस्टनच्या वर राहायला हवा तो दाब फटीतून खाली उतरून तिथून बाहेर पडत होता. मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली. ऑइल काळे होते, पण डिझेल इंजिनाचे ऑइल काळे व्हायचेच. त्यांनी ते दोन बोटांत चोळून कण लागतात का आणि दुधट झाले आहे का, एवढे पाहिले. दुधट नव्हते, म्हणजे खारे पाणी आत शिरलेले नव्हते. "ह्या बरा," असे ते प्रथमच म्हणाले.

नंतर किल्ल्यावरचे दीपगृह मागे टाकून आम्ही बोट बाहेर काढली आणि वीस मिनिटे पूर्ण वेगाने हाकली. इंजिनाला जेवढे फेरे सांगितलेले असतात तेवढ्यांपर्यंत ते पोहोचले नाही आणि काळा धूर सोडू लागले. पाण्याचा काटा मात्र जागेवर राहिला. परत येताना मी, उगीच काही विचारायचे म्हणून, मीटरचा विषय काढला. मिस्त्रींनी सुकाणूच्या पुढची फळी दाखवली. तांडेल जिथे उभा राहतो तिथे त्या फळीला दोन खळगे पडले होते, डाव्या आणि उजव्या पायाचे. वेगाच्या दांडीवरची मूठ इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यावरचे आकडे पुसून गेले होते. "मास्तर," ते म्हणाले, "मीटराक घाम येणा नाय. ह्या लाकडाक इचारा."

लाकडाला विचारल्यावर मग कागदालाही विचारणे आले आणि तिथे मात्र माझा थोडा उपयोग झाला. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत घेतलेल्या डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा शासन देते. त्यामुळे कोणत्या बोटीने केव्हा किती डिझेल घेतले याची नोंद राहते. मालकाच्या सुनेने ती सारी पुस्तके एका डब्यात नीट जपून ठेवली होती. सहा हंगामांची बेरीज मी दोनदा केली : सुमारे १,०२,००० लिटर. पूर्ण ताकदीने चालणारे डिझेल इंजिन ढोबळमानाने एका हॉर्सपॉवरला तासाला लिटरचा पाचवा भाग जाळते. म्हणजे शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तासाला वीस लिटर. परंतु बोट सतत पूर्ण ताकदीने चालत नाही. जाळे ओढताना आणि ये-जा करताना मिळून अशा इंजिनाला तासाला बारा लिटर लागतात, असा भावाचा बारा वर्षांचा अनुभव होता. १,०२,००० भागिले १२ म्हणजे ८,५००. मिस्त्रींना तेवढ्यावर समाधान नव्हते; पुस्तकातले सगळेच डिझेल इंजिनात गेले असेल कशावरून, असे ते म्हणाले. त्यांनी ऑइल फिल्टरच्या पावत्या मागितल्या. दर अडीचशे तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायचा, हा या मालकाचा नेम होता. पावत्या तेहेतीस निघाल्या. ३३ गुणिले २५० म्हणजे ८,२५०. दोन साक्षी एकमेकींना माहीत नसताना एकच गोष्ट सांगत होत्या.

साडेआठ हजार तास म्हणजे नेमके किती, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना चटकन उमगणार नाही. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ट्रकने तेवढ्या वेळात सव्वाचार लाख किलोमीटर अंतर कापले असते. पण ही तुलनाही इंजिनावर अन्याय करणारी आहे. ट्रकला उतार मिळतो, सपाटी मिळते. पाण्यात उतार नसतो. जाळे ओढणारी बोट म्हणजे दिवसभर फोंडा घाट चढत राहणारा ट्रक, असे समजावे.

मालकाला मी हे सारे आकडे वाचून दाखवले. माझ्या आवाजाला धार होती, हे कबूल करायला हवे. तो शांतपणे ऐकत होता. पाचव्या हंगामात, दिवाळीनंतर, एका लाटेचे पाणी केबिनमध्ये घुसले आणि मीटर बंद पडला. नवा बसवला, तो हा, असे त्याने सांगितले. जुना मीटर किती दाखवत होता, असे विचारल्यावर त्याने सुनेकडे पाहिले आणि तिने त्याच डब्यातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर ६,२०० असे लिहिलेले होते. "मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही इचारलात खंय?"

या उत्तरावर मी नंतर पुष्कळ विचार केला. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर मोठ्याने म्हणालो होतो की इंजिन फारसे वापरलेले नाही, आणि तो गप्प राहिला होता. त्याचे गप्प राहणे मला आजही निर्दोष वाटत नाही. विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही अशी गोष्ट, घेणारा चुकीचे बोलत असताना, दाबून ठेवणे ही फसवणूकच आहे. परंतु त्याने डबा लपवला नव्हता, चिठ्ठी फाडली नव्हती, खोटे बोलला नव्हता. विचारल्यावर सारे पुढे ठेवले. आणि मी, ज्याला केवळ विचारण्यासाठीच बरोबर नेले होते, तो विचारायचे सोडून बयाणा देण्याची घाई करत होतो. आपला व्यवसायच प्रश्न विचारण्याचा. पोथीच्या शेवटी लेखनकाळ दिलेला असला तरी तो त्याच प्रतीचा असेल असे आपण धरून चालत नाही. नक्कल करणारा पुष्कळदा मूळ पोथीचा काळही जसाच्या तसा उतरवून ठेवतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. कागद पाहा, शाई पाहा, अक्षराचे वळण पाहा, मग शेवटच्या ओळीकडे वळा. वर्गात सांगितलेले हे पथ्य देवगडच्या उन्हात मला आठवले नाही.

न आठवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक लाजिरवाणे आहे. कायम होण्यापूर्वी मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांना ते तत्त्व काय असते हे सांगायला नको. फळ्यासमोर उभे राहिलेला तास तेवढा तास. त्यासाठी आदल्या रात्री केलेले वाचन, एस. टी.तला प्रवास, दोन तासांच्या मध्ये ग्रंथालयात घालवलेला रिकामा वेळ, यांतले काहीच मीटरवर येत नाही. सुट्टी लागली की मीटर बंद. आणि पुढे जेव्हा मी कायम झालो, तेव्हा त्या नऊ वर्षांची नोंद सेवेत धरली गेली नाही. माझाही मीटर बदलला आणि शून्यापासून सुरू झाला. सेवापुस्तक पाहणाऱ्याला मी नवाकोरा दिसत होतो. घसा आणि गुडघे मात्र नऊ वर्षे जुने होते. ज्याच्या स्वतःच्या तासांचा असा हिशेब झाला, त्याने तरी काचेआडच्या आकड्यावर विसंबायला नको होते.

बोट घ्यायची की नाही, हा प्रश्न उरला होता. बयाणा सोडून द्यावा, असे माझे मत झाले होते. चूक केलेल्या माणसाला ती पुसून टाकायची जशी घाई असते तशी मला झाली होती. भावाने मिस्त्रींना विचारले. मिस्त्रींचे म्हणणे, मी समजलो ते असे. तास जास्त आहेत हे खरे, पण ते कसे गेले तेही पाहा. नेमाने ऑइल बदललेले आहे, पाणी आत गेलेले नाही, इंजिन कधी फार तापलेले नाही. अशा इंजिनाचे आठ-दहा हजार तासांना काम निघतेच. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलली, नोझल आणि पंप दुरुस्त करून घेतले की ते पुन्हा तेवढेच चालेल. याउलट, महिन्यापूर्वी भावाने दुसरीकडे एक पर्यटकांची बोट पाहिली होती. तिचा मीटर खरा होता आणि नऊ वर्षांत जेमतेम चारशे तास दाखवत होता. ते इंजिन मिस्त्रींनी नको म्हणून सांगितले होते. महिनोन् महिने उभ्या असलेल्या इंजिनात खारी हवा गंज चढवते, रबरी सीलं वाळून चिरतात, पाणी फेकणाऱ्या पंपाची रबरी पाती वाकडी होऊन बसतात, टाकीत पाणी आणि शेवाळ धरते. आणि चालले तेव्हा ते दहा-दहा मिनिटे चाललेले. धड गरम व्हायच्या आत बंद. चालू होण्याच्या पहिल्या काही क्षणांत, ऑइल सगळीकडे पोहोचण्यापूर्वी, इंजिन जेवढे झिजते तेवढे नंतर वाटेने चालताना झिजत नाही. तास थोडे असणे हा गुण नव्हे, राबण्यातला सांभाळ हा गुण. मिस्त्रींच्या बोलण्याचे सार एवढे होते.

मालकाशी पुन्हा बोलणे झाले. इंजिनाच्या कामाला अडीच लाखांचा खर्च मिस्त्रींनी सांगितला होता. थोडी ओढाताण होऊन सौदा चौदा लाखांवर ठरला. बंदीच्या दोन महिन्यांत बोट वर ओढून घेतली, इंजिन खोलले. लायनर बाहेर काढले तेव्हा त्यांच्या आतल्या भिंतीला वरच्या टोकाशी नखाला लागेल असा कंगोरा होता. रिंगा जिथवर पोहोचत तिथवर धातू झिजलेला आणि त्याच्या वर मूळचा शाबूत. मिस्त्रींनी माझे बोट धरून त्या कंगोऱ्यावरून फिरवले. साडेआठ हजार तासांची जाडी मी बोटाने वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

पहिला हंगाम कसा गेला, हे किनाऱ्यावरच्या लोकांना आठवत असेल. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार चक्रीवादळ अरबी समुद्रात उठले आणि त्याच्या पाठोपाठ महा आले. बोटी बंदरात अडकून पडल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्या हंगामात मीटर जेमतेम सातशे तास पुढे सरकला. कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण होते आणि भावजयीचे दागिने पतसंस्थेतच राहिले. उद्या कोणी तो आकडा वाचेल तेव्हा त्याला त्यात फक्त थोडे वापरलेले इंजिन दिसेल. नांगरलेल्या बोटीवर बसून भावाने काढलेल्या रात्री त्यात कोठेच नसतील.

पुढच्या मे महिन्यात मी बोटीवर गेलो, तेव्हा केबिनमध्ये मीटरच्या काचेखाली निळ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसले : 'मागचे ६,२०० वेगळे'. अक्षर भावाचे होते. त्याखाली इंजिन कोणत्या महिन्यात खोलले आणि काय काय बदलले, तेही होते. मी सहज म्हणालो, "अरे, उद्या विकायची वेळ आली तर यामुळे किंमत कमी येईल." तो फळीवर बसून जाळे विणत होता. मान वर न करता म्हणाला, "येऊंदे. घेणाऱ्याक इचारूक लागूचा नाय."